जलरंगातलं करडं बंदर: एका रेकॉर्डेड वर्गाचा अनुभव

बंदर रंगवताना माझं नेहमी एकच व्हायचं. पाणी निळंशार, होड्या लालभडक, मग हे फार भडक झालं म्हणून वर काळ्याचा हात. चित्र शांत व्हायच्या ऐवजी मळायचं. हा दोन तासांचा रेकॉर्डेड वर्ग घेतला तो त्या मळकेपणाला कंटाळून.

शिकवणाऱ्या बाई पॅलेटवर तीनच रंग काढतात: अल्ट्रामरीन हा निळा, बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि यलो ऑकर हा मातकट पिवळा. पहिली वीस मिनिटं होडीचं नावच नाही, नुसते करडे. निळा जास्त पडला की पावसाळी आभाळ, सिएना जास्त पडला की धक्क्याचं भिजलेलं लाकूड. दोन्ही दाट घेतले तर जवळजवळ काळा. शिवाय अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे तो करडा जवळून पाहिला तर निळसर दाणेदार दिसतो. ट्यूबमधल्या काळ्याला ही जान नाही. माझी काळी ट्यूब तेव्हापासून बंद आहे.

मला सगळ्यात भावला तो फ्रेंच चित्रकार मोनेच्या १८७२ सालच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’वरचा भाग. फ्रान्समधल्या ल आव्र बंदरावरचा तो केशरी सूर्य डोळ्यांत भरतो. पण चित्र कृष्णधवल करून पाहिलं तर तो आभाळात जवळपास विरून जातो. उजळपणा दोघांचा सारखाच, सूर्य उठतो तो भोवतालच्या करड्यामुळे! हे पाहिल्यावर मी माझ्या चित्रात एकाच तरंगत्या बोयाला सिएना निखळ ठेवला, बाकी सगळीकडे निळा मिसळून करडा करून घेतला. एवढ्याशा ठिपक्यावर नजर बरोबर जाऊन थांबते.

तक्रारी दोन. कॅमेऱ्याचा रंग मध्येच बदलतो, तोच करडा आता निळा, मग तपकिरी. करड्यांच्याच वर्गात हे खटकतं. आणि प्रतिबिंबं पाच मिनिटांत उरकली आहेत. गडद डोलकाठीचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा किंचित फिकं आणि पांढऱ्या होडीचं किंचित गडद, हे बाई ओझरतं बोलून जातात; मला तिथे तीनदा मागे जावं लागलं.

दोरखंडांसाठी लांब केसांचा रिगर ब्रश हवाच. त्याचं नावच जहाजांच्या दोरखंडांवरून, म्हणजे ‘रिगिंग’वरून पडलंय. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), सुती घ्या. पातळ कागदावर आभाळाचा ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, देताच फुगवटे येतात आणि धुकं जमतच नाही. ज्यांनी अजून सपाट वॉशही दिलेला नाही, त्यांनी आधी तो हातात बसवावा आणि मगच हा वर्ग घ्यावा.