रिटर्नचं सॉफ्टवेअर: अशोक चौकातले तीन सीझन

आयकर रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणाचा फोन यंदा मला सोलापूरच्या गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत आला, मुलीला पाळण्यात बसवत असताना. "मॅडम, आज भरलं तर दहा टक्के सूट." मागे पिपाण्या वाजतायत, मुलगी वरून ओरडतेय. मी म्हटलं, सोमवारी सांगते. सोमवारी सांगण्याआधी जे मनात आलं ते हे.

आधी मी कोण ते. मी कर सल्लागार, सीए नाही. अशोक चौकाच्या मागच्या अंगाला दहा बाय बाराची खोली, दोन कॉम्प्युटर, सीझनपुरती मदतीला एक मुलगी. भिंतीपलीकडे माग चालतात, त्यामुळे फोन आला की आधी खिडकी लावायची. वर्षाला अडीचशेच्या आसपास रिटर्न. माणसं कोण, तर यंत्रमागवाले, चादर-टॉवेलचे छोटे व्यापारी, शाळेचे गणवेश शिवणारे, झेडपीचे शिक्षक आणि रिटायर झालेले. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. त्याचा डीलर गावातलाच आहे, रोज तोंड बघायचंय. पहिल्या वर्षी साडेनऊ हजार घेतले, पुढे दरवर्षी साडेसहा.

त्याआधी आयकर खात्याची रिटर्न भरायची फुकटची युटिलिटी आणि माझी एक्सेल शीट एवढ्यावर चालायचं. घरच्या चार-पाच जणांचं रिटर्न भरायचं असेल तर आजही तेवढ्यावर भागतं, उगाच पैसे घालवू नका. अडीचशे पार्ट्या झाल्या की मात्र कुणाचं भरलं, कुणाचं राहिलं, कुणाचं भरलं पण व्हेरिफाय राहिलं, हे डोक्यात मावत नाही.

मला सॉफ्टवेअर परवडतं ते या शेवटच्या गोष्टीसाठी. रिटर्न अपलोड झाल्यावर तीस दिवसांत ते व्हेरिफाय करावं लागतं, नाहीतर भरून न भरल्यासारखं. पूर्वी मी वहीत लिहायची. एका वर्षी वहीची दोन पानं चिकटली आणि एका टॉवेलवाल्याचं राहून गेलं. त्याला लेट फी पडली, ती मी माझ्या खिशातून भरली. आता सकाळी कॉम्प्युटर लावला की लाल अक्षरांत यादी समोर येते. किती दिवस उरले तेही.

अर्थात व्हेरिफाय होतं ते आधारच्या ओटीपीनं, आणि यादी ओटीपी आणून देत नाही. आमच्याकडच्या एका मागवाल्या मामांचा आधारला जोडलेला नंबर मुलाकडे, मुलगा पुण्यात शिफ्टला. मुलगा फोन उचलेपर्यंत पंधरा मिनिटं उलटतात, ओटीपी मेलेला असतो. मामा म्हणतात, "अक्का, तुझं मशीन एवढं भारी तर मेलेला ओटीपी जिवंत कर की." शेवटी मुलगा हुतात्मा एक्स्प्रेसनं शनिवारी घरी आला, रविवारी दोघं आले, मी दुकान अर्धं उघडून व्हेरिफाय केलं. असल्या कामाला कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

आता त्याचा सगळ्यात मोठा गाढवपणा. पहिल्याच वर्षी डीलरनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, पार्टीला मराठीत आपोआप मेसेज जातो. मी चालू केलं. मेसेज काय गेला? "प्रिय ग्राहक, आपला परतावा यशस्वीरीत्या दाखल झाला आहे." कुणीतरी इंग्रजी 'रिटर्न'चं 'परतावा' करून टाकलं होतं. आता आपल्याकडे परतावा म्हणजे रिफंड, हे शेंबड्या पोरालाही कळतं. संध्याकाळपर्यंत अकरा फोन. कुठल्या खात्यात आला? किती आला? एक गणवेशवाले अण्णा तर पासबुक घेऊन बँकेत भरवून आले आणि तिथून माझ्याकडे, तोंड पाडून. त्यांना उलट चार हजार भरायचे होते. मी कंपनीला लिहिलं, 'विवरणपत्र' नको असेल तर सरळ 'रिटर्न' लिहा. तीन सीझन झाले, मेसेज तसाच आहे. मी तो बंद करून ठेवलाय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हातानं लिहिते: "अण्णा, रिटर्न भरलं. रिफंड नाही."

हिशेब बरोबर येतो का, हे सगळे विचारतात. गणित चुकत नाही. गणितात काय घालायचं तिथे चुकतं. खात्याकडे आपल्याबद्दलची जी माहिती जमा असते, म्हणजे एआयएस, ती हे एका बटणावर ओढून आणतं. वेळ वाचतो, खोटं का बोला. पण एआयएसमध्ये एफडीचं व्याज कधीकधी दोनदा दिसतं. बँकेनं टीडीएस कापला म्हणून एकदा आणि बँकेनं व्याज दिल्याची वेगळी माहिती कळवली म्हणून पुन्हा. व्याज एकच. २०२४ च्या सीझनला हे सॉफ्टवेअर दोन्हींची बेरीज करून मोकळं झालं.

पकडलं कुणी? मी नाही. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका आहेत, तीन बँकांत एफडी. त्यांची लाल पुठ्ठ्याची डायरी असते, प्रत्येक पावतीपुढे पेन्सिलीनं व्याज लिहिलेलं, वर्षाअखेरी खाली दोन रेघा. मी कॉम्प्युटेशनचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ नेला, मग डायरी उघडून बोट एकदा इथे, एकदा तिथे. "मॅडम, माझी बँक एवढी दानशूर कधी झाली?" डायरीत १,८६,४००. कागदावर ३,७२,८००. बरोब्बर दुप्पट. मला घाम फुटला, जुलैचा उकाडा होताच म्हणा. त्या रात्री आधीची सगळी व्याजवाली रिटर्न पुन्हा उघडली. त्यातली तीन रिव्हाइज करावी लागली. पुढच्या सीझनला कंपनीनं इशारा देणारी पिवळी खूण आणली, पण तीही प्रत्येक वेळी येत नाही. तेव्हापासून माझा नियम, व्याजाचा आकडा ओढून आला तरी पासबुकाशी लावल्याशिवाय पुढे जायचं नाही.

२०२४ चा सीझन तसा वाईटच. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात खात्यानं आपली युटिलिटी बदलली आणि नव्या करप्रणालीत शेअरच्या अल्पकालीन नफ्यावरच्या करापुरती ८७अ ची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा कर माफ करणारी, सूट मिळेना. आमच्या सॉफ्टवेअरनंही दोन दिवसांत तसंच केलं. जुळे सोलापुरातला एक पोरगा, पगार वगैरे धरून करपात्र ५,६०,०००, वर शेअरचा नफा ८०,०००. पगारावर १३,००० कर, नफ्यावर तेव्हाच्या पंधरा टक्क्यांनी १२,०००, मिळून पंचवीस हजार. सूट तेव्हा पंचवीस हजारांपर्यंत, म्हणजे कर शून्य. २ जुलैला कच्चं काढलं तेव्हा शून्यच आलं होतं. तो दहा तारखेला सही करायला आला तर सेससकट १२,४८०. "मॅडम, आठ दिवसांत तुम्ही काय केलंत?" मी काय करणार! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाच्या आदेशानंतर उशिराच्या आणि सुधारित रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. यात सॉफ्टवेअरला दोष देत नाही. पण 'काल शून्य होतं ते आज का नाही' हे सांगणारी एक ओळ अपडेटबरोबर द्यायला काय जात होतं? पार्टी कंपनीच्या दारात जात नाही, माझ्या टेबलासमोर बसते.

आता कौतुक. जुनी आणि नवी करप्रणाली शेजारी-शेजारी दाखवणारं एक पान हे छापून देतं. माझ्या मते पैसे त्या पानाचे. झेडपीच्या एका बाई, २०२४-२५ चा पगार ११,४०,०००. शाळेत सगळ्यांनी नवी घेतली म्हणून त्यांनाही नवीच हवी होती. पान काढलं. नवीत पंचाहत्तर हजारांची वजावट जाऊन कर ६२,१४०. जुनीत पन्नास हजारांची वजावट, घरकर्जाचं दोन लाख व्याज, ८०सी चे म्हणजे विमा-पीपीएफ वगैरेंचे दीड लाख, मेडिक्लेमचे पंचवीस हजार, व्यवसाय कराचे अडीच हजार, सगळं जाऊन ५७,२००. बाईंनी दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं, पर्समधून पेन काढून ४,९४० स्वतः लिहिले आणि पान घडी करून नेलं. पुढच्या आठवड्यात त्याच शाळेतल्या सहाजणी आल्या. त्यातल्या पाचजणींना नवीच फायद्याची निघाली, घरकर्ज नव्हतं ना. तोंडानं सांगितलं असतं तर एकीलाही पटलं नसतं.

'आकडा टाका' म्हणणाऱ्यांवरही याचा उपयोग झाला. "दीड लाख टाका की मॅडम, दरवर्षी टाकता." मी टाकत नव्हतेच, पण दरवर्षी भांडण. २०२५ पासून रिटर्नमध्येच पॉलिसी नंबर, पीपीएफचा खाते क्रमांक असलं मागायला लागले. रकाना मोकळा असला की सॉफ्टवेअर लाल चौकट दाखवतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवते. नकार मी देत नाही, चौकट देते. संबंध टिकतात.

व्यापाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल मुदतीत भागवलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, हे ४३ब(ह) चं कलम २०२३-२४ पासून आलं. सॉफ्टवेअर सरसकट ४५ दिवस मोजतं. ४५ लेखी करार असेल तर. नसेल तर १५. आता सोलापुरात चादरवाला मागवाल्याशी लेखी करार करतो का? "पाठवून दे, बघू" एवढाच करार. म्हणजे हातानं १५ करावे लागतात, प्रत्येक पार्टीला. सीएंकडे ऑडिटला फाईल पाठवायच्या आधी मी हे करते. पहिल्या वर्षी त्यांनीच माझं लक्ष वेधलं होतं.

हेल्पलाइनवर फार बोलत नाही. मार्चमध्ये गोड बोलतात, सीझनला रांगेत चौदावे. १५ सप्टेंबर २०२५ च्या रात्री त्यांचं थेट अपलोड अडकलं. मी जेसन फाईल काढून पोर्टलवर हातानं चढवत बसले. मुदत एका दिवसानं वाढल्याचं कळलं तेव्हा मदतनीस मुलगी टेबलावर डोकं ठेवून झोपली होती आणि शेंगा चटणी-भाकरीचा डबा तसाच पडला होता. ती फाईल काढायची सोय आहे की नाही, हे घेताना आधी विचारा.

डीलरनं यंदा नवी भीतीही घातली, नवा कायदा आलाय, सगळी कलमं बदलली, जुनं व्हर्जन चालणार नाही. आयकर कायदा २०२५ लागू १ एप्रिल २०२६ पासून. २०२६ च्या सीझनला भरायचं ते २०२५-२६ चं, ते जुन्याच कायद्यानं. मी हे म्हटल्यावर सूट दहावरून पंधरा टक्के झाली.

मी नूतनीकरण केलं, पण दोन कॉम्प्युटरऐवजी एकाचंच. तुम्ही नव्यानं घेणार असाल तर पाच रिटर्नची फुकट ट्रायल देतात. त्यात साध्या पगारवाल्यांची रिटर्न भरून बघण्यात अर्थ नाही, ती कुठेही भरतात. तीन बँकांत एफडी असलेले एखादे काका बोलवा. डायरी आणायला सांगा.