पुण्यात रोज चालवायच्या गाडीला हलकं फ्लायव्हील की कंपनीचंच?

क्लच संपतो, गिअरबॉक्स खाली उतरतो आणि मेकॅनिक विचारतो, "उघडलंच आहे तर हलकं फ्लायव्हील टाकायचं का?" गाडी रॅम्पवर लटकलेली असताना यावर नीट विचार होत नाही. तो आधीच करून ठेवावा. माझ्या १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकला कंपनीचं फ्लायव्हील आहे. मित्राच्या चार सिलिंडरच्या जुन्या सेडानला हलकं आहे. ती गाडी मी आठवडाभर रोजच्या रस्त्यांवर चालवली, त्यावरून माझं मत बनलं.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाची ताकद वाढत नाही. फ्लायव्हील म्हणजे क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला बोल्टांनी आवळलेलं जड चाक. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक दर १८० अंश फिरला की इंधन पेटल्याचा एक धक्का मिळतो. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात क्रँक फिरता ठेवायचं काम हे चाक करतं. ते हलकं केलं की इंजिनाला स्वतःचा वेग वाढवायला कमी जोर लागतो, एवढाच फरक.

हा फरक किती, हे गिअरवर ठरतं, कारण फ्लायव्हीलचं जडत्व गिअर रेशोच्या (गाडीचं चाक एकदा फिरताना इंजिन किती वेळा फिरतं त्या प्रमाणाच्या) वर्गाने वाढून चाकापर्यंत पोचतं. साधा हिशोब करून पाहिला: ८ किलोचं, २६ सेंटिमीटर व्यासाचं फ्लायव्हील ४ किलोचं केलं आणि गिअर रेशो छोट्या गाडीचे नेहमीचे धरले. पहिल्या गिअरमध्ये गाडीतून साधारण ८५ किलो उतरवल्यासारखं वाटेल. दुसऱ्यात २५ किलो, तिसऱ्यात १२ आणि पाचव्यात जेमतेम ४-५. द्रुतगती मार्गावर पाचव्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने जाताना काही कळणारच नाही, मायलेजमध्येही नाही.

म्हणजे खरा फायदा पहिल्या गिअरमध्ये. आणि पुण्यात पहिला गिअर आपण कशासाठी वापरतो? संध्याकाळी साडेसहाला सिंहगड रोडवर राजाराम पुलापासून वडगावपर्यंत सरकण्यासाठी. कंपनीच्या फ्लायव्हीलवर क्लच हळूच सोडला की गाडी रेस न देता स्वतःहून पुढे जाते. मित्राच्या गाडीत तसं केलं की ती गचके देऊन बंद पडायची. एसीचा कॉम्प्रेसर चालू होताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) खाली जायचे, तेव्हा तर हमखास. मग प्रत्येक वेळी थोडी रेस, थोडा हाफ क्लच. चार दिवसांत सवय झाली हे खरं, पण डावा पाय आणि क्लचप्लेट दोघांनाही ते महागात पडतं. चढावर पुढची गाडी थांबली की आणखी.

आता दुसरी बाजू, आणि ती मनापासून सांगतो. रविवारी सकाळी डोणज्यातून वर सिंहगडाच्या घाटात तीच गाडी नेली. वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना ॲक्सिलरेटरला नुसता स्पर्श केला की आरपीएम झटकन वर, गिअर लोण्यासारखा पडतो. वर शिफ्ट करतानाही आरपीएम पटकन उतरतात, गिअरसाठी थांबावं लागत नाही. माझ्या गाडीत ही मजा नाही, मान्य. मात्र उतारावर इंजिन ब्रेकिंग वाढतं असं जे सांगतात ते तेवढं खरं नाही. पाय काढल्याक्षणी गाडी जरा लवकर आवरते, पण एका वेगाने उतरताना ब्रेकिंग तेवढंच मिळतं.

काही गाड्यांत हा प्रश्नच उद्भवू देऊ नका. तीन सिलिंडरच्या इंजिनात धक्के दर २४० अंशांनी येतात, तिथे जड चाक जास्त गरजेचं. बऱ्याच आधुनिक डिझेलमध्ये ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं, फ्लायव्हील असतं, त्यातल्या स्प्रिंगा इंजिनाची थरथर गिळतात. ते काढून एकसंध चाक बसवलं की ती थरथर थेट गिअरबॉक्समध्ये जाते आणि न्यूट्रलला खडखड ऐकू येते. काही गाड्यांत क्रँक सेन्सरचे (क्रँक कुठे आहे ते ओळखणाऱ्या सेन्सरचे) दातेही फ्लायव्हीलवरच असतात. ते जुळले नाहीत तर गाडी सुरूच होणार नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. भोसरीत लेथ भरपूर, म्हणून कंपनीचंच बिडाचं फ्लायव्हील टर्निंग करून हलकं करायचा मोह होतो. करू नका. बीड ठिसूळ असतं. ६,००० आरपीएमला या चाकाची कड ताशी २९० किलोमीटरच्या पुढे धावत असते. तडा गेला तर तुकडे बेल हाउसिंग (फ्लायव्हील आणि क्लचवरचं धातूचं आवरण) फोडून बाहेर येतात. हलकं हवंच असेल तर तुमच्याच इंजिनासाठी बनवलेलं फोर्ज्ड (दाबून घडवलेलं) पोलादी घ्या, आणि वजन निम्मं करण्यापेक्षा पाव भागाने कमी केलेलं. ॲल्युमिनियमचं आणखी हलकं असतं, त्याला घर्षणाच्या जागी पोलादी तबकडी लावलेली असते. शहरात त्याचा त्रासही तेवढाच जास्त.

बसवण्याआधी बॅलन्सिंग करून घ्या. मित्राच्या गाडीत पहिल्यांदा ते राहून गेलं होतं. ३,००० आरपीएमला स्टिअरिंग थरथरायला लागलं, गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला आणि मजुरी दुसऱ्यांदा गेली. त्याच वेळी क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील बदलून टाका. फ्लायव्हीलचे बोल्टही कंपनी सांगत असेल तर नवेच.

घरात एकच गाडी असेल आणि ती रोज हिंजवडीला जात असेल, तर कंपनीचंच ठेवा. दुसरी गाडी घाटासाठी असेल, चार सिलिंडर पेट्रोल असेल आणि क्लच बदलायचाच असेल, तर हलकं टाका. मन तरीही ठरत नसेल तर हलकं फ्लायव्हील बसवलेली कुणाची तरी गाडी तासभर मागून घ्या आणि एसी चालू ठेवून संध्याकाळी सातला नळ स्टॉपवरून कोथरूडपर्यंत नेऊन बघा.