फिनाले मॅच हेवी: 4.49, 4.50 की 4.51?

एच अँड एन कंपनीची फिनाले मॅच हेवी ही 10 मीटर एअर रायफलसाठीची जर्मन पॅलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी. वजन 0.53 ग्रॅम, म्हणजे 8.18 ग्रेन. डोकं चपटं, त्यामुळे कागदावर भोक स्वच्छ गोल पडतं. डबीत 500 नग, आणि डोक्याचा व्यास 4.49, 4.50 किंवा 4.51 मिलिमीटर. पुण्यात एखादं पोर क्लबची रायफल सोडून स्वतःच्या रायफलवर आलं की पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो, यातलं कुठलं माप घ्यायचं? दुकानदार बहुतेक वेळा 4.50 काढून देतो. आमचं मत असं: पॅलेट उत्तम आहे, स्पर्धेसाठी पैसे वसूल होतात, पण नुसतं माप सांगून ती घेऊ नका. डबीवरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या पॅलेटचा क्रमांक, मापाइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा आहे.

परदेशात शिकारीच्या रायफलीचे लोक बारूद तोलून, गोळी किती खोल बसवायची ते मोजून आपापली काडतुसं भरतात आणि नळीला काय मानवतं ते शोधतात. एअर रायफलीत बारूद नाही, आणि हवेचा दाब कारखान्यातून लावून आलेला असतो, त्याला हात लावायचा नसतो. मग नेमबाजाच्या हातात उरते ती पॅलेट. नळीत तिचं डोकं रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांच्या, कडांवर टेकून सरकतं आणि मागचा पातळ घेर हवा अडवतो. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन नळ्याही आतून तंतोतंत सारख्या नसतात. शिशाच्या पॅलेट साच्यात दाबून तयार होतात, साचा झिजतो, बदलतो. म्हणून 4.50 लिहिलेले दोन लॉट एकाच नळीतून वेगळे ग्रुप, म्हणजे भोकांचे लहान-मोठे पुंजके, देऊ शकतात. ही गोष्ट कुठल्या एका कंपनीची नाही, सगळ्याच मॅच पॅलेटची आहे.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा. दशांशाच्या गुणांत प्रत्येक 0.1 म्हणजे मध्यापासून 0.25 मिलिमीटर. पॅलेटचा मध्य 0.25 च्या आत पडला तर 10.9, आणि 2.5 मिलिमीटरवर 10.0 संपतं. आता रायफल शिकंज्यात घट्ट धरून दहा शॉट मारले आणि भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर 6 मिलिमीटर आलं, तर त्यातून पॅलेटचे 4.5 वजा करून मध्य ते मध्य 1.5 राहतं. नेम अचूक असेल तर सर्वांत वाईट शॉटही 10.7 च्या आसपास. हेच अंतर 7.5 आलं तर मध्य ते मध्य 3 मिलिमीटर, आणि कडेचा शॉट 10.4 वर. पोराच्या हातात दोष नसताना गेलेले हे गुण आहेत. साठ शॉटच्या स्पर्धेत पात्रता अनेकदा गुणाच्या दशांशावर ठरते, तिथे ते परवडत नाहीत.

चाचणी घाईत करू नका, एक सकाळ राखून ठेवा. आधी रायफलीचे स्क्रू मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, म्हणजे सांगितलेत तितकेच घट्ट, आहेत का ते बघा. सैल स्क्रूने बिघडलेला ग्रुप पॅलेटच्या नावावर जमा होतो आणि चांगला लॉट नाहक बाद होतो. नळी फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा. शिकंजा साधा असला तरी चालेल, बोहरी आळीतला बाक-शिकंजा जाड फेल्ट लावून वापरता येतो, मात्र पकड रायफलीच्या स्टॉकवर हवी. नळी किंवा हवेचा सिलिंडर आवळला तर नळीवर ताण येतो आणि ग्रुप सरकतो. सिलिंडर 150 ते 100 बारच्या दरम्यान असतानाच मोजणीचे शॉट मारा, म्हणजे भरल्या-भरल्याचा किंवा संपत आल्याचा दाब मधे येणार नाही.

पॅलेट बदलली की पहिले 20 शॉट मोजू नका. आधीच्या पॅलेटचं शिसं आणि वंगण नळीत असतं, नवीन लॉटचा थर बसायला तेवढे शॉट लागतात. सर्वांत जास्त चूक इथेच होते: पाच शॉट मारले, ग्रुप मोठा आला, डबी बाजूला. पाच शॉटचा ग्रुप तसाही फसवा असतो, नशिबाने लहान येतो, नशिबानेच मोठा. दहा-दहा शॉटचे निदान चार ग्रुप प्रत्येक लॉटला द्या, आणि सगळे सलग मारू नका. पहिल्या फेरीत 4.49, 4.50, 4.51, पुढच्या फेरीत उलट क्रम, असे फिरवत न्या. सकाळभरात ऊन, दाब आणि मारणाऱ्याचा हात बदलतो, तो बदल मग कुठल्या एकाच डबीच्या वाट्याला येत नाही. शेवटी चारही ग्रुपची सरासरी काढा. सरासरीत मध्य ते मध्य 1.5 आणि 1.6 मिलिमीटर असा फरक दिसला तर तो फरक धरू नका. 1.5 आणि 2.3 दिसला तर धरा. कागदावर मारत असाल तर जाड कार्डाचं टार्गेट हवं, साध्या कागदाची कड फाटते आणि मोजायचा व्हर्नियर कॅलिपर कुठे टेकवायचा तेच कळत नाही.

वजनाबद्दल पुण्यातल्या क्लबांत बरीच मेहनत वाया जाते. सोनाराचा 0.01 ग्रॅमचा काटा या कामाला निरुपयोगी आहे, कारण त्याची एक घर चूक म्हणजे 0.53 ग्रॅमच्या जवळजवळ दोन टक्के. एक मिलिग्रॅमचा काटा असेल तरच तोला. पण हिशेब बघा. सुमारे 170 मीटर प्रति सेकंद वेगाने निघालेली पॅलेट 10 मीटरवर साधारण 17 मिलिमीटर खाली येते. वेगात एक टक्का फरक पडला तर मार 0.34 मिलिमीटरने वर-खाली होतो, म्हणजे 0.1 गुणाहून जास्त गेलं. वजनात एक टक्का, म्हणजे सुमारे 5 मिलिग्रॅम फरक असेल तर वेग अंदाजे अर्धा टक्काच बदलतो आणि मार 0.17 मिलिमीटर सरकतो. म्हणून 500 नग तोलून मिलिग्रॅमनिहाय ढीग लावण्यात रविवार घालवू नका. फारच हलकी किंवा जड असेल तेवढी काढा. त्यापेक्षा मागचा घेर बघा. काचेच्या तुकड्यावर पॅलेट आडवी ठेवून हलकं ढकला. नीट असेल तर ती एकसारखी वळत कमानीत जाते, घेर चेपला असेल तर अडखळते. चेपलेल्या घेरातून हवा एका बाजूने निसटते आणि असा शॉट कुठेही जातो. खाली पडलेली पॅलेट पुन्हा वापरू नये ती याच कारणाने.

वाहतूक हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. स्कूटरच्या डिकीत डबी खडखडत सिंहगड रोडहून बालेवाडीपर्यंत गेली की निम्मे घेर एकमेकांवर आपटून खराब. डबीत वर फोमची चकती घट्ट बसवा, झाकणाला चिकटपट्टी लावा आणि डबी सॅकमध्ये कपड्यांच्या मधे ठेवा. स्पर्धेच्या पॅलेट वेगळ्या खाचांच्या ट्रेमध्ये न्या. पावसाळ्यात दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि लाकडी कपाटात जास्त, कारण लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला खाते. प्लास्टिकचा बंद डबा आणि सिलिका जेलची पुडी पुरते. भुकटी धरलेल्या पॅलेट पुसून वापरायच्या नाहीत, टाकून द्यायच्या.

शिसं विषारी आहे, हे क्लबमध्ये येणाऱ्या लहान मुलांना पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे. पॅलेट तोंडात धरायची नाही, रेंजवर खाण्याचा डबा उघडायचा नाही, घरी जाण्याआधी साबणाने हात धुवायचे.

आता कुणी घेऊ नये तेही. स्प्रिंगच्या, नळी दुमडून भरायच्या सुरुवातीच्या रायफलीला ही पॅलेट घालून काही मिळत नाही, तिथे रायफलीचा झटका पॅलेटच्या फरकापेक्षा मोठा असतो. ज्या मुलाची सरासरी अजून नऊच्या घरात आहे त्यालाही नको. त्याने साधी सरावाची पॅलेट घ्यावी आणि उरलेल्या पैशांत जास्त शॉट मारावेत.

खरेदी अशी करा. क्लबमधल्या चौघांनी मिळून वेगवेगळ्या मापांच्या आणि लॉटच्या चार डब्या घ्या, प्रत्येकाने प्रत्येक डबीतल्या सव्वाशे घ्या. 20 शॉट नळी बसवायला आणि 40 मोजणीला गेले तरी प्रत्येक लॉटच्या साठेक उरतात, निकाल शंकास्पद वाटला तर पुन्हा मारायला. लॉट ठरला की दुकानदाराकडे लेबलचा फोटो मागा आणि त्याच लॉटच्या डब्या एकदम उचला, कारण माल संपला की पुढच्या खेपेत तोच नंबर येईल याची खात्री नसते. एका स्पर्धेला 60 शॉट आणि सायटिंगचे, म्हणजे आधी नेम जुळवून घ्यायचे, वीस-पंचवीस धरा, आधीच्या आठवड्याचा सराव त्याच लॉटवर धरा, म्हणजे स्पर्धेमागे एक डबी. हंगामात सहा स्पर्धा असतील तर सात घ्या. सातवी नळीची सफाई, नवा सिलिंडर किंवा सर्व्हिसिंग झाल्यावर पुन्हा ग्रुप तपासायला लागते.