स्प्रिंग ब्रेकचा आठवडा की अख्खा समर? ज्यू सेवा-सहल निवडताना

एक आठवडा द्यायचा की अख्खा समर, प्रश्न खरं तर एवढाच असतो. माहितीपत्रकं पाहून काही ठरत नाही, ती सगळी सारखीच: एकसारखे टी-शर्ट घातलेली हसरी मुलं, मध्ये एक आजीबाई, मागे नुकतीच रंगवलेली भिंत. मी ठाण्याचा, बेने इस्रायल (म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू), शिकायला न्यू जर्सीत. दोन्ही प्रकार करून झालेत. आधी कॉलेजच्या गटाबरोबर आठवडाभर मोल्दोवात, किशिनाऊला. नंतर एकटाच समरभर इस्रायलमध्ये, दिमोनाला. पुढे तीन नावं येतील: हिल्लेल ही कॅम्पसवरची ज्यू विद्यार्थी संघटना, मासा इस्रायलमधल्या लांब मुक्कामाच्या कार्यक्रमांना मदत करते, आणि बर्थराइट तरुण ज्यूंना इस्रायलची मोफत सहल घडवते.

आठवड्याच्या सहलीची बाजू कमजोर मुळीच नाही. खर्चाचा बराच भाग बहुतेक वेळा देणगीदारांकडून निघतो. तिकीट, राहणं, कोशर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेलं) जेवण, दुभाषी सगळं कुणीतरी बघतं. सेमिस्टर बुडत नाही. काही कॅम्पसवर ज्यू नसलेल्या मित्रमैत्रिणींनाही घेतात. आपल्यासारख्यांना त्रास फक्त कागदपत्रांचा. गटातल्या अमेरिकन पासपोर्टवाल्यांना मोल्दोवाचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टला तो लागतो हे कोऑर्डिनेटरच्या गावीही नसतं. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर आय-२० या कॉलेजने दिलेल्या फॉर्मवरची प्रवासाची सही आणि परत येताना लागणारा अमेरिकेचा व्हिसा, दोन्ही तिकीट काढायच्या आधी तपासा. ‘बघू नंतर’ म्हणालात तर ग्रुप निघून जाईल आणि तुम्ही डॉर्ममध्ये मॅगी खात बसाल.

आणि जे दिसतं ते एरवी दिसलंच नसतं. १९०३ च्या ईस्टरमध्ये किशिनाऊत ४९ ज्यू मारले गेले. त्या हत्याकांडाचं नाव आपण कुठेतरी वाचलेलं असतं, पण त्याच गावात आज म्हातारे ज्यू कसे राहतात याची काही कल्पना नसते. सोव्हिएत युनियन मोडलं, पेन्शनची किंमत गेली, मुलं इस्रायलला किंवा जर्मनीला निघून गेली. १९१४ पासून काम करणारी जेडीसी ही ज्यू मदतसंस्था नव्वदच्या दशकात तिथे पुन्हा उतरली आणि ‘हेसेद’ नावाची मदतकेंद्रं उभी राहिली. औषधं, धान्याची पिशवी, थंडीत हीटिंगचं बिल, घरी येऊन अंघोळ घालणारी बाई. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर सीमा ओलांडून आलेल्या लोकांचा भारही याच छोट्या समाजाने उचलला. हे सगळं जवळून बघायला मिळालं.

आमच्या चौघांना एका आजींकडे पाठवलं होतं. पाचवा मजला, लिफ्ट नाही. पिशवी वर पोचवायची आणि थोडा वेळ बसायचं, एवढंच काम. आजींनी चहाबरोबर चिमुकल्या बशांमध्ये चेरीचा मुरंबा वाढला, प्रत्येकाला वेगळा चमचा, आणि अल्बम काढला. फोटोतल्या माणसावर बोट ठेवून त्या रशियनमध्ये भरभर काहीतरी सांगायच्या, दुभाषी मुलगी त्याचं एक वाक्य करायची. तिसऱ्या पानावर आलो तोच लीडरचा मेसेज: ‘खाली या, सर्कल आहे.’

तर हे सर्कल. माझं मत याच एका गोष्टीवर फिरलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दर कामानंतर सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि आत्ताच जे केलं त्याबद्दल काय वाटलं ते सांगायचं. रंगीत चिठ्ठ्या वाटायच्या. पिवळ्या चिठ्ठीवर आज काय शिकलो, गुलाबीवर काय खटकलं, निळीवर घरी काय घेऊन जाणार. चिठ्ठ्या भिंतीवर डकवायच्या, मग त्या मोठ्याने वाचायच्या, मग तालमुद या ज्यू धर्मग्रंथातला एखादा उतारा आणि त्यावर पुन्हा चर्चा. सकाळी एक सर्कल, बसमध्ये छोटं सर्कल, रात्री मोठं सर्कल. घड्याळ लावून मोजलं नाही, पण माझा अंदाज असा की जेवढा वेळ आम्ही आजी-आजोबांबरोबर काढला, त्याच्या दुप्पट तरी त्यांच्याबद्दल बोलण्यात काढला. त्या दिवशी माझ्या गुलाबी चिठ्ठीवर मी लिहिलं, ‘अल्बम अर्धा राहिला.’ लीडरने ते फार सुंदर आहे म्हणून दोनदा वाचून दाखवलं. परत वर जाऊ का विचारलं, तर वेळापत्रकात बसत नव्हतं.

आयोजकांच्या बाजूने बघितलं तर यात गैर काही नाही. आठवड्यात कुणाचं आयुष्य बदलत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांची गुंतवणूक तुमच्यात असते. आज वीस वर्षांचा असलेला पोरगा उद्या कमवायला लागला की किशिनाऊ आठवून चेक लिहील, कॅम्पसवर दहा जणांना सांगेल. ते खरंही होतं. आमच्या गटातल्या दोघी तिघी आजही हेसेदसाठी पैसे गोळा करतात, आणि त्या पैशातून कुणाचं तरी हीटिंग चालतं. सर्कल त्यासाठीच असतं. ज्याला बोलून मोकळं व्हायला आवडतं, त्याला ते फार भावतं असंही मी पाहिलंय. माझा पिंड तो नाही. आमच्याकडे कुणाच्या घरी मदतीला गेलं तर परत येऊन ‘तुला काय वाटलं’ असं कुणी विचारत नाही, ‘जेवलास का’ विचारतात.

दिमोनाचं सगळंच वेगळं. आधी तोटे, कारण ते बरेच आहेत. लांब मुक्कामासाठी टुरिस्ट व्हिसा चालत नाही. स्वयंसेवकांचा बी/४ व्हिसा असतो आणि त्याची पत्रं संस्थेकडून वेळेत येतीलच असं नाही. मासाचं अनुदान ज्यूंनाच, तेही ठरावीक मुदतीच्या कार्यक्रमांना. राहण्याची जागा म्हणजे शेअर केलेला फ्लॅट, ज्याचा एसी नेगेव वाळवंटाच्या उन्हाळ्यात मान टाकतो. शुक्रवारी दुपारी शब्बाथच्या सुट्टीसाठी बस बंद झाल्या की शनिवारी रात्रीपर्यंत तुम्ही जिथे आहात तिथेच. पहिले काही आठवडे आपला कुणाला काडीचा उपयोग नसतो; हिब्रू धड येत नाही, खुर्च्या मांडा, खुर्च्या उचला, एवढंच.

आणि युद्ध. हा मुद्दा मी हलका करून सांगणार नाही. जून २०२५ मध्ये इराणबरोबर लढाई पेटली, बेन गुरियन विमानतळ बंद झाला आणि बर्थराइटच्या मुलांना जहाजाने सायप्रसला काढावं लागलं. विमा, निवाऱ्याची खोली, परतीची सोय हे सगळं लेखी विचारून घ्या. शिवाय दिमोना म्हटलं की घरच्यांना आधी अणुभट्टी आठवते, तोही एक संवाद तुम्हाला करावा लागेल. इस्रायलच्या राजकारणाबद्दल कॅम्पसवर जे वाद चालतात त्यात तुम्ही कुठे उभे आहात, हेही जाण्याआधीच स्वतःशी ठरवलेलं बरं. तिथे पोचल्यावर लोक चहा देतानाच मत विचारतात.

तरीही माझा कल तिकडेच. पन्नास-साठच्या दशकांत कोकणातून, मुंबईतून गेलेली आपली माणसं दिमोना, येरुहाम, बीरशेबा, अश्दोद अशा गावांमध्ये वसली. मी ज्या ज्येष्ठांच्या केंद्रावर होतो तिथे निम्म्या आज्या मराठी बोलत. ‘कुणाचा रे तू?’ इथून सुरुवात. ठाणे म्हटल्यावर ‘टेंभी नाक्याच्या सिनेगॉगातला का?’ हा पुढचा प्रश्न. एकीला मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) करायचा होता, एलियाहू हन्नावीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, नवस होता. तिने मला खाली विळीवर नारळ खोवायला बसवलं. विळी रेवदंड्याहून आलेली, पाट झिजून मधोमध खोलगट झालेला. मी पांढऱ्याबरोबर करवंटीचा तपकिरी कीसही पाडला, तेव्हा तिने एकही शब्द न बोलता वाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि पोहे भिजवायला दिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा नारळ दिला. पुढचा आठवडा असतो, हाच त्या समरचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा. १९६४ मध्ये बेने इस्रायलांना पूर्ण ज्यू मानलं गेलं, त्याआधीच्या दिवसांबद्दल, इस्रायलच्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) त्यांच्या लग्नांवर शंका घेतली त्याबद्दल, तिने सांगितलं ते बऱ्याच उशिरा, भाजी निवडताना, मी काही न विचारता.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मला मराठीचा आयता फायदा मिळाला. तुमची नेमणूक उत्तरेत गॅलिलीच्या एखाद्या शाळेत झाली, किंवा शेतात फळं तोडायला लागलात, तर हे सगळं लागू होईलच असं नाही. ज्यांना शिकवायला आवडतं त्यांनी मासाचा इंग्रजी शिकवण्याचा कार्यक्रम बघावा, पण तो जवळजवळ शैक्षणिक वर्षभराचा आहे, पदवीनंतरच जमतो. आणि ज्यांना समरमध्ये इंटर्नशिप चुकवून चालणार नाही, त्यांनी किशिनाऊसारखी सहल खुशाल करावी. काहीच न करण्यापेक्षा ती कितीतरी बरी, आणि त्या जिन्यांवरून धान्याच्या पिशव्या कुणीतरी वर न्यायलाच हव्यात.

मुंबईला येणाऱ्या गटांबद्दलही मला विचारतात. जेडीसीचे तरुण स्वयंसेवक तिथे येत आलेत, गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई कळव्याच्या वस्त्यांत मुलांच्या जेवणाचं आणि शिक्षणाचं काम करतो. कामं चांगली आहेत. पण ठाण्याच्या माणसाने न्यू जर्सीहून ग्रुपबरोबर कळव्याला सेवेसाठी यायचं म्हणजे आई दारातच उभं करेल. तिथे सुट्टीत घरी गेलात की लोकलने जा.

आठवड्याचीच सहल घ्यायची ठरली, तर अर्ज भरण्याआधी कोऑर्डिनेटरबरोबर जो झूम कॉल असतो त्यात एक गोष्ट मागून घ्या: दिवसाचं तासवार वेळापत्रक. देतात, मागितलं तर. त्यात ‘रिफ्लेक्शन’, ‘प्रोसेसिंग’, ‘शेअरिंग’ असं जे जे लिहिलं असेल ते एका बाजूला मांडा आणि ‘होम व्हिजिट’ दुसऱ्या बाजूला. घरभेट आठवड्यात एकाच दिवशी असेल तर दुसरा गट बघा. एकाच घरी दोनदा पाठवणारे गट थोडे असतात, पण असतात.