डोळे शेकायचा मास्क, सात महिने वापरून

दिवाळी झाली आणि माझ्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला रांजणवाडी आली, लालभडक, ठणकणारी. सासूबाई म्हणाल्या लवंग उगाळून लाव, मी नको म्हटलं, डोळ्यात गेली तर काय घ्या. आठवड्यात दुखायचं थांबलं पण ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ तिथंच राहिली, वरची कातडी सरकायची, गाठ जागची हलायची नाही.

डोळ्याच्या डॉक्टरांनी पापणी उलटून बघितली, म्हणाले ही आता रांजणवाडी नाही, कॅलेझियन आहे. पापणीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वरच्या पापणीत तीसेक, खालच्यात जरा कमी. एखादीचं तोंड बुजलं की तूप थिजावं तसं तेल आत थिजतं आणि गाठ धरते. म्हणून नुसते अँटिबायोटिक ड्रॉप घालून ती जात नाही, तिला ऊब लागते, ती पण सलग १० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा.

आधी आमच्या सोलापुरी नॅपकिननं शेकलं. जाड असला तरी दोन मिनिटांत गार, परत बुडवा, पिळा, दंडापर्यंत पाण्याचे ओघळ, त्यामुळं दिवसातून एकदाच व्हायचं. मग मायक्रोवेव्हमध्ये तापवून डोळ्यांवर ठेवायचा मण्यांचा मास्क ऑनलाइन मागवला. ऊब आठ-नऊ मिनिटं टिकते, त्याचा खरा फायदा हाच, कारण कंटाळा न येता रोज झालं. शेकल्यावर स्वच्छ बोटानं वरून खाली, केसांच्या कडेपर्यंत हलकं चोळायचं, गाठ पिळायची अजिबात नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत गाठ गेली, लई हलकं वाटलं.

आता तक्रारी. पाकिटावर ४० सेकंद लिहिलंय, आमच्या मायक्रोवेव्हला २० पुरतात. एकदा मधलाच भाग इतका तापला की चटका बसला, तेव्हापासून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते. चौथ्या महिन्यात शिवण उसवून मणी घरभर. मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे, बघितलं तर कडेला एकच टीप मारलेली, तिथं दुहेरीच पाहिजे. कंपनीला मेल केला, उत्तर नाही, शेवटी मीच शिवला.

एप्रिलच्या उन्हात शेक घेणं सोडलं आणि खालच्या पापणीला नवी गाठ आली, ती मात्र मास्कनं गेली नाही, जूनमध्ये काढावी लागली. भुलीची सुई टोचताना दुखतं बघा, पुढं काही नाही, पापणीच्या आतून छेद देऊन खरवडतात, टाका घालावा लागला नाही.

पूर्ण पापणी सुजली, ताप आला, डोळा हलवताना दुखलं किंवा अंधुक दिसलं तर शेकत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात वयस्कर कोणाला त्याच जागी परत परत गाठ येत असेल तर काढलेला तुकडा तपासायला पाठवायला सांगाच, क्वचित तो कॅन्सर निघतो.

काजळ बंद केलंय. मास्क रात्री जेवणानंतर एकदा, अजून चालू आहे.