आल्डी-लिडलची परीक्षा: कणीक, तूप, चक्का आणि शनिवारची संध्याकाळ

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, हे तिथे शिकायला जाणाऱ्या प्रत्येकाला विमानात बसण्याआधीच ठाऊक असतं. तरीही शनिवारी संध्याकाळी साडेसातला आल्डी या स्वस्त किराणा दुकानात जी झुंबड उडते, ती याच जाणकारांची. म्युनिकमध्ये रात्री आठला शटर खाली येतं आणि ते कायद्याने येतं. बर्लिन-कोलोनकडे काही शाखा दहापर्यंत चालतात. त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत आधार फक्त मोठ्या रेल्वे स्टेशनातल्या दुकानांचा आणि पेट्रोलपंपांचा, तोही चढ्या भावात. सार्वजनिक सुट्ट्याही राज्यागणिक बदलतात: १ नोव्हेंबरला म्युनिक बंद, बर्लिन चालू. ईस्टरला शुक्रवार बंद, शनिवार उघडा, रविवार-सोमवार पुन्हा बंद. त्या मधल्या शनिवारी दुकानात शिरायचं तर कोपर आणि संयम दोन्ही शाबूत हवेत.

आल्डी, लिडल, पेनी, नेटो ही डिस्काउंट दुकानं. रेवे आणि एडेका एक पायरी वरची, पण त्यांच्या स्वतःच्या साध्या ब्रँडच्या वस्तू साधारण आल्डीच्याच भावात मिळतात. आल्डी म्हणजे मुळात दोन वेगळ्या कंपन्या, उत्तरेची नोर्ड आणि दक्षिणेची झ्यूड. बर्लिनमधल्या मित्राने पाठवलेली आल्डीची ऑफर म्युनिकच्या आल्डीत दाखवून उपयोग नाही.

हा माल स्वस्त का, हे दारातच कळतं. दुकानात कामाला माणसं मोजकी, आणि नोकराने करायची अर्धी कामं गिऱ्हाईक करतं. पहिलं काम गाडी. ५० सेंट, एक किंवा दोन युरोचं नाणं खाचेत घातलं की साखळी सुटते. गाडी परत जागेवर नेऊन साखळी अडकवली की नाणं बाहेर येतं. पाकिटात फक्त कार्ड असेल तर हातात टोपली. किल्ल्यांच्या जुडग्यात नाण्याच्या आकाराची चकती अडकवून टाका, प्रश्न कायमचा मिटतो.

दुसरं काम रिकाम्या बाटल्या, आणि ते खरेदीच्या आधी उरकायचं. प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, साध्या बिअरच्या बाटलीवर ८, पुन्हा भरल्या जाणाऱ्या पाण्याच्या बाटलीवर १५. बाटली बुडाकडून बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रात सारायची. ती रिकामी हवी, चेपलेली नको आणि लेबल शाबूत हवं, कारण यंत्र बारकोड आणि आकार दोन्ही तपासतं. जागा वाचवायला बाटल्या पिशवीत चिरडून आणणाऱ्याची प्रत्येक बाटली यंत्र शांतपणे परत ढकलतं, आणि मागे रांग वाढत जाते. वाइनच्या बाटल्या आणि जॅमच्या बरण्यांना सहसा अनामत नसते. शेवटी बटण दाबून अनामतीच्या रकमेची चिठ्ठी घ्यायची आणि त्याच दुकानाच्या काउंटरवर द्यायची. चिठ्ठी खिशात विसरून घरी आणणाऱ्यांच्या जिवावर कुणीतरी श्रीमंत होत असणार.

आता पोळ्या. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. पिठाच्या पाकिटावरचा आकडा म्हणजे १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळल्यावर उरणारी राख, मिलिग्रॅममध्ये. आकडा जितका मोठा, तितका पिठात कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा. त्याच्या पोळ्या तव्यावर झकास दिसतात आणि डब्यात गार झाल्या की चामट होतात. ५५० पावासाठी चांगलं. पोळीच्या सगळ्यात जवळचं १०५०, पण डिस्काउंट दुकानात ते नेहमी असतंच असं नाही. मग ‘फोलकोर्न’ म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ आणि ५५० समप्रमाणात मिसळायचं. आपली कणीक दगडी जात्याखाली दळताना पिठातला स्टार्च जास्त तुटतो, म्हणून ती जास्त पाणी पिते. इकडच्या रोलर गिरणीतल्या पिठाला सवयीने तितकंच पाणी घातलं तर थेट थालिपीठ थापावं लागेल. पाणी कमीपासून सुरू करायचं आणि गोळा अर्धा तास झाकून ठेवायचा. जाडसर कोंड्याला भिजायला तेवढा वेळ लागतो.

पाकिटावर ‘वाइत्सेन’, म्हणजे गहू, लिहिलंय ना, हेही बघा. शेजारीच तसल्याच पाकिटात ‘रोगेन’ असतं. ती राय, गव्हाहून वेगळं धान्य. रंगाने छान सावळी असल्यामुळे नवखा तिलाच कणीक समजतो. तिच्यात गव्हासारखा ताण धरणारा चिकटा नसतो, त्यामुळे गोळा हाताला, लाटण्याला आणि ओट्याला सारख्याच प्रेमाने चिकटतो. ‘डिंकल’ ६३०, म्हणजे गव्हाच्याच जातकुळीतल्या एका धान्याचं पीठ, मात्र चालतं. पोळी मऊ होते, फक्त फार मळू नका, लाटताना फाटते.

रव्याची दोन पाकिटं असतात. उपम्यासाठी ‘हार्टवाइत्सेन’चं घ्या, दाणा मोकळा राहतो. ‘वाइश’ वाला रवा दुधातल्या खिरीसाठी असतो. त्याचा उपमा लापशीसारखा होतो.

तुपाला ‘बुटरश्माल्त्स’ म्हणतात आणि ते चांगलं असतं. पण नुसतं ‘श्माल्त्स’ लिहिलेला डबा म्हणजे डुकराची चरबी, आणि ‘गेन्झ’ जोडलेलं असेल तर हंसाची. घाईत अर्धाच शब्द वाचणाऱ्यांसाठी ही सूचना जाड ठशात छापायला हवी. तूप घरी कढवायचं असेल तर ‘झाउअररामबुटर’ घ्या. ते विरजलेल्या सायीचं लोणी, त्यामुळे कढवताना घरच्या तुपासारखा वास येतो. जर्मन लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटातून दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं.

दुग्धजन्य पदार्थांचं कपाट हा या दुकानांचा खरा अभिमान. ‘क्वार्क’ हा जवळजवळ तयार चक्का आणि श्रीखंडासाठी त्याला तोड नाही, मात्र डबा नीट निवडला तर. ‘मागर’ हा बिनसायीचा, त्याचं श्रीखंड जिभेवर पिठूळ लागतं. ४० टक्केवाला घ्या. ते ४० टक्के कोरड्या भागातले असतात, प्रत्यक्ष स्निग्धांश सुमारे ११ टक्के, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ५०० ग्रॅम क्वार्क फडक्यात बांधून तीन-चार तास टांगायचा, नाहीतर साखर पडताच पाणी सुटतं. आपल्या चक्क्याइतका तो आंबट नसतो, तेव्हा साखर १७५ ग्रॅमवर थांबवून चाखा. तशाच डब्यात ‘क्रॉयटरक्वार्क’ मिळतो, त्यात चिरलेल्या हिरव्या पाल्याबरोबर बहुधा लसूण असतो. केशर-वेलची घातल्यावर हा शोध लागला तर ते रायतं म्हणून वाढण्यापलीकडे उपाय नाही.

विरजणासाठी दही घेताना ‘मिल्ड’ लिहिलेलं टाळा, त्यातले जिवाणू वेगळे असतात आणि दही आंबटपणाकडे झुकत नाही. ताकाला ‘बुटरमिल्श’, ‘राइने’ लिहिलेलं असेल तर त्यात वरून पाणी घातलेलं नसतं. कढीला उत्तम.

बारीकसारीक सापळे आणखी आहेत. खाण्याचा सोडा म्हणजे ‘नाट्रोन’. ‘बाकपुल्फर’ ही बेकिंग पावडर. पाण्याच्या बाटलीवर ‘क्लासिक’ असेल तर आत सोडावॉटर, साधं हवं तर ‘श्टिल’ किंवा ‘नाटुरेल’. नळाचं पाणी पिण्याजोगं असताना बाटल्या वाहून नेणं हाच मुळात विनोद. आणि लाल-निळी-पिवळी रंगवलेली अंडी दिसली तर ती आधीच उकडलेली असतात. फक्त ईस्टरलाच नव्हे, वर्षभर. आम्लेटवाल्यांनी साध्या खोक्याकडे वळावं.

तिसरं काम काउंटरवर, आणि तिथे गिऱ्हाईकाची खरी कसोटी. पाकिटांवर बारकोड मोठे आणि अनेक बाजूंना छापलेले असतात, शोधण्यात कॅशियरचा क्षणही जात नाही. सरकत्या पट्ट्यावर जड वस्तू पुढे, अंडी-टोमॅटो मागे ठेवा, कारण त्याच क्रमाने सगळं समोर आदळणार आहे. तुमच्या मालामागे आडवी पट्टी ठेवायला विसरू नका, नाहीतर मागच्या आजींचं मांजराचं खाद्यही तुमच्या बिलात. पिशवीत भरायच्या फंदात तिथे पडू नका. पलीकडे जागाच नसते, सगळं परत गाडीत लोटायचं, पैसे द्यायचे आणि भिंतीलगतच्या टेबलावर जाऊन निवांत भरायचं. पिशवी घरून न्या; हलक्या प्लास्टिकच्या खरेदीच्या पिशव्यांवर २०२२ पासून बंदी आहे. शेल्फवरची किंमत करासह असते, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात किलोचा दर असतो. तुलना त्याच दराने करा, ‘मोठं पाकीट स्वस्त’ हा समज तिथे बरेचदा मोडतो.

मधल्या रांगेतल्या टोपल्यांमध्ये सोमवारी आणि गुरुवारी नवा माल येतो: कढई, रजई, ड्रिल मशीन, घोडेस्वारीची पँट. कढईसाठी सकाळी लवकर जावं. ड्रिल मशीनसाठी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने अजिबात जाऊ नये, पण जातात.

दूध, दही, लोणी, बटाटे, कांदे, पास्ता, ओट्स यांसाठी या दुकानांना पाचपैकी साडेचार. मसाल्यांसाठी दीड: जिरं मिळालं तर चिमुकल्या बाटलीत, कोथिंबीर कुंडीत आणि तीही दोन वरणांत संपणारी. डाळींत ‘रोटे लिन्झेन’ म्हणजे मसूर आणि ‘किशरएर्ब्सेन’ म्हणजे काबुली चणे मिळतात, तूरडाळ मिळत नाही. जुडीभर कोथिंबीर-पुदिना आणि किलोने जिरं तुर्की दुकानात. तूरडाळ, पोहे, हिंग, हिरव्या मिरच्या आशियाई दुकानात. ही छोटी दुकानं शनिवारी बहुधा आल्डीच्या आधी बंद होतात, म्हणून आधी तिकडे जायचं आणि जड दूध-बटाटे शेवटी.