पहिला तंबू वाऱ्यानं नेला, दुसरा अजून टिकून आहे

ब्रँडचं नाव लिहीत नाही, लिहिलं की लगेच कोणतरी विचारणार किती पैसे मिळाले. आणि तसंही आपल्या सातारच्या डोंगरात तंबू वापरायचा तर नावापेक्षा दुसऱ्याच गोष्टी बघायला लागतात, ज्या मला पहिला तंबू पाण्यात घालवल्यावर कळल्या.

तो पहिला ऑनलाईन मागवलेला, दीड हजाराचा, पिशवीतनं काढून नुसता फेकला की आपोआप उघडतो तसला. हॉलमध्ये उघडला तेव्हा लय भारी वाटलेला. मेच्या शेवटी चाळकेवाडीच्या अलीकडं ओळखीच्या एकाच्या रानात लावला, आता तिथं एवढ्या पवनचक्क्या कुणी हौसेनं उभ्या केल्यात का, पण आम्हाला हे सुचलं नाही. वर चार बोटं माती आणि खाली जांभ्याचा कातळ, खुंट्या निम्म्या पण आत जाईनात. आम्ही दोघं आत झोपलोय म्हणून तंबू जाग्यावर होता, रात्री चुलतभाऊ लघवीला उठला आणि त्याची बाजू पतंगासारखी वर. त्यात वळीव आला. एकपदरी कापड, शिवणीतनं धारा लागल्या, उरलेली रात्र गाडीत बसून काढली. सकाळी बघतो तर तंबू दोन बांध पलीकडं करवंदीच्या जाळीत.

म्हणून दुसरा घेताना दुकानात गेलो, चपला काढून आत आडवा झालो. लाजू नका, झोपूनच बघा. दोन माणसांचा लिहिलेला तंबू म्हणजे दोन माणसं सुरळी करून ठेवल्यासारखी, सॅक ठेवायला जागा नाही. मी तीन माणसांचा घेतला, दोघांना ऐसपैस होतो. ४,८०० रुपये गेले.

ह्यात खरी कामाची गोष्ट म्हणजे दोन थर. आत जाळीचा तंबू आणि वरनं वेगळं कव्हर, ते पार जमिनीपर्यंत येतं, आणि दोन्हीच्या मध्ये वीतभर मोकळी जागा. बामणोलीला शिवसागरच्या काठाला डिसेंबरात राहिलो तर सकाळी कव्हर आतल्या बाजूनं ओलंचिंब. तंबू गळतोय असं वाटतं पण ते आपल्याच श्वासाचं पाणी असतं, गार कापडाला लागून जमलेलं. एकपदरी असता तर ते सगळं तोंडावर ठिबकलं असतं, इथं ते कव्हरवरनंच खाली ओघळून गेलं.

लेबलवर २,००० एमएम असं लिहिलंय, म्हणजे कापडावर २,००० मिलिमीटर उंच पाण्याचा खांब उभा केला तरी थेंब आत येत नाही. तळाचं कापड त्याहून जास्तीचं असलेलं बरं, कारण ओल्या जमिनीवर कोपर, गुडघा टेकला की तिथनंच पाणी वर येतं. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका राव, कव्हर उलटं करून शिवणीवर आतनं पारदर्शक पट्टी चिकटवलीय का ते बोटानं चाचपा. मी तर घरी आल्यावर गच्चीत लावून अर्धा तास पाईपनं पाणी मारलं, शेजारचे काका काय धुतोय म्हणून विचारायला आले.

दुसरं म्हणजे हा खुंट्या न ठोकता पण उभा राहतो, दोन काड्या फुलीसारख्या टाकल्या की झालं. कातळावर हेच पायजे. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधायच्या, दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. आणि कासच्या पठारावर लावायचा विचार सोडा, २०१२ ला जागतिक वारशात गेलेली जागा आहे, फुलं तुडवून कसलं कॅम्पिंग.

खोट सांगायची तर खुंट्या. सोबत दिलेल्या ॲल्युमिनियमच्या, दुसऱ्याच वेळी तारेसारख्या वाकल्या, मी लोखंडी करून घेतल्या, वजन वाढलं पण गाडीवरनं न्यायचाय, चालतंय. काड्या फायबरच्या आहेत, दुमडताना ताकद लावली तर चिरतात, म्हणून एक जोड जादाची घेऊन ठेवलीय. आणि पिशवी शिवणाऱ्यानं ती स्वतः एकदा परत भरून बघावी, गुडघा टेकवल्याशिवाय तंबू आत जात नाही.

ओला गुंडाळून ठेवू नका, बुरशीचा वास बसतो आणि आतला वॉटरप्रूफ थर चिकट होऊन सुटतो. हे मी आईला सांगायला गेलो तिथंच चुकलं. वाळवायला म्हणून गच्चीत नुसती जाळी उभी केलेली तिनं बघितली, आणि आता रोज त्यात सांडगे असतात. कावळा आत जात नाही म्हणते. उन्हानं कापड कमजोर होतं म्हणून सांगितलं, तर सांडगे वाळेपर्यंत थांब म्हणाली.